भाडं भरण्यापेक्षा हप्ता भरू? पोरगं पुण्यात शिकायला निघालंय म्हणून फ्लॅट घेण्याआधी केमच्या बांधावर बसून मांडलेलं गणित

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचा स्कोअर येतो, कॅप राऊंडला कॉलेज मिळतं आणि घरात दोन दिवस पेढे वाटून झाले की तिसऱ्या दिवशी प्रश्न येतो: पोरगं राहणार कुठं?

करमाळा तालुक्यातलं केम घ्या. कुंकवासाठी महाराष्ट्रभर ओळखलं जाणारं गाव. उत्तरेश्वराचं देऊळ आणि दौंड-सोलापूर लोहमार्गावरचं स्टेशन. जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं हे स्टेशन म्हणजे इथल्या पोरांसाठी पुण्याचा दरवाजा. इंजिनिअरिंग असो, फार्मसी असो की एमपीएससी, बॅग पुण्याच्याच दिशेनं निघते. मग सदाशिव पेठेत नाहीतर नऱ्हे-आंबेगावात, वाघोलीत, आकुर्डीत कुठंतरी कॉट बेसिसवर जागा, एका खोलीत चौघं, डिपॉझिट, मेसचे पैसे आणि अकरा महिन्यांनी पुन्हा सामान डोक्यावर.

अशात कुणीतरी पाहुणा, बहुतेक वेळा हडपसर-मांजरीला स्थायिक झालेला, बापाच्या कानात सांगतो, "चार वर्षं भाड्यात घालवण्यापेक्षा फ्लॅटच घेऊन टाका की. पोरगं राहील, दोन मित्र ठेवील, त्यांच्या भाड्यात हप्ता निघंल. चार वर्षांनी फ्लॅट आपलाच."

ऐकायला एकदम भारी आहे. मी स्वतः पुण्यात तीन वर्षांत चार खोल्या बदलल्या आणि एका घरमालकाकडून डिपॉझिट कधीच परत आलं नाही. त्यामुळे हे वाक्य ऐकून बापाच्या डोळ्यांत जी चमक येते ती मला कळते. पण या वाक्यातला प्रत्येक तुकडा वेगळा करून तपासायला हवा. तेच करूया.

पहिली गोष्ट: विद्यार्थी घर 'घेत' नाही

कायद्याने अडचण काही नाही. १८ वर्षं पूर्ण झालेला कुणीही घर विकत घेऊ शकतो, करार करू शकतो, त्याचं नाव इंडेक्स टूवर लागू शकतं. विद्यार्थी आहे म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात कुणी अडवत नाही.

अडवते ती बँक. गृहकर्ज मिळतं ते परतफेडीच्या ताकदीवर, आणि विद्यार्थ्याची ताकद शून्य. म्हणजे मुख्य कर्जदार बाप किंवा आई. आता घर पोराच्या नावावर किंवा जोडीनं असेल तर बँका साधारणपणे सगळ्या मालकांना सहकर्जदार करून घेतात. म्हणजे १९ वर्षांच्या पोराच्या सिबिलवर पहिली नोंद पडते ती ३५-४० लाखांच्या कर्जाची. एखाद्या दुष्काळी वर्षी बापाचे दोन हप्ते थकले की डाग दोघांनाही लागतो. पुढं त्याच पोराला नोकरी लागल्यावर गाडीसाठी कर्ज हवं असेल तर तो डाग तिथं समोर उभा.

ब्रिटनमध्ये याचा वेगळा प्रकार आहे. तिथं बाथ बिल्डिंग सोसायटीसारख्या संस्था खास विद्यार्थ्यांसाठी गृहकर्ज देतात. घर विद्यार्थ्याच्या नावावर, जामीन आईबाप आणि खोलीत राहणाऱ्या मित्रांचं भाडं हे उत्पन्न म्हणून धरलं जातं. आपल्याकडं साध्या गृहकर्जात अशी सोय नसते. "दोन मित्र ठेवीन" हे बँकेच्या फॉर्ममध्ये लिहायला रकानाच नाही.

मग बापाचं उत्पन्न बघू. बाप झेडपीचा शिक्षक असेल, रेल्वेत असेल तर फॉर्म १६ आहे, पगाराची स्लिप आहे, काम सोपं. शेतकरी असेल तर कारखान्याचं बिल येतं, केळीची पट्टी येते, पण शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे वर्षानुवर्षं रिटर्न भरलेलंच नसतं. आणि बँक मागते तीन वर्षांचं रिटर्न. हातात पैसा आहे, कागदावर नाही, अशी गत. त्यात वयाचा मुद्दा. बाप पन्नाशीचा असेल तर बँक २० वर्षांची मुदत सहसा देत नाही, १० ते १५ वर्षांवर येते आणि हप्ता वाढतो.

म्हणजे सुरुवातीलाच एक गोष्ट सरळ करून घेऊ. "पोरानं पुण्यात फ्लॅट घेतला" हे गावात सांगायचं वाक्य आहे. घेतलाय तो बापानं, आईनं, आणि बऱ्याचदा शेतानं.

आता आकडे

समजा, फ्लॅट ४५ लाखांचा आहे. पुण्याच्या कडेला वन बीएचके. भाव तुम्ही ज्या बाजूला बघाल तसे बदलतील, व्याजदरही बदलेल. पण गणिताची पद्धत हीच राहील. व्याज ८.५ टक्के धरू, मुदत २० वर्षं.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देऊ शकते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर ७५ टक्के. आपल्या उदाहरणात कर्ज ३६ लाख आणि स्वतःचे ९ लाख. पण ९ लाखांवर भागत नाही. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार. नोंदणी फी ३० हजार. इमारत बांधकामाधीन असेल आणि घर ४५ लाखांच्या आत व ९० चौरस मीटर कार्पेटच्या आत असेल तर जीएसटी १ टक्का, म्हणजे ४५ हजार. (किंमत ४५ लाखांच्या वर गेली की हाच जीएसटी ५ टक्के होतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर तो लागत नाही.) एवढ्या किमतीच्या घराचा मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. हे रोखीनं आणायचे पैसे.

बेरीज: १२ लाख ९० हजार. पंखा, बल्ब, गादी, गॅस, सोसायटीची अनामत अजून यात नाही.

हप्ता येतो महिन्याला ३१ हजार २४२ रुपये. बँकेनं पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता चालवून घेतला तरी घरात महिन्याला साडेबासष्ट हजारांचं दाखवता येणारं उत्पन्न पाहिजे. १५ वर्षांचीच मुदत मिळाली तर हप्ता साडेपस्तीस हजारांच्या आसपास.

खरी मेख इथं आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं म्हणजे ४८ हप्ते. तुम्ही बँकेला भरले जवळपास १५ लाख. त्यातून मुद्दल किती उतरलं? सव्वातीन लाख. उरलेले पावणेबारा लाख व्याज. गृहकर्जात सुरुवातीची वर्षं ही व्याजाची वर्षं असतात आणि विद्यार्थ्याचा मुक्काम नेमका तेवढाच असतो. "भाडं म्हणजे वाया गेलेला पैसा" असं म्हणणाऱ्यांनी हा पावणेबारा लाखांचा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा. भाडं घरमालकाला जातं, हे बँकेला जातं. पोराच्या हातात दोन्ही वेळा पावतीच.

अजून एक तुलना. ते १२ लाख ९० हजार बँकेत मुदत ठेवीत ठेवले आणि साडेसहा टक्के व्याज मिळालं असं धरलं तर वर्षाला ८३ हजार ८५० रुपये येतात. महिन्याला सात हजारांच्या जवळ. म्हणजे पुण्यातल्या एका कॉटचं भाडं निघेल. मुद्दल जागेवर, कर्ज शून्य.

पण चार वर्षांनी फ्लॅट विकला तर? भाव वाढला असेल ना?

बरोबर आहे, म्हणून तेही करून बघू. चार वर्षांनी बँकेचं देणं राहतं ३२ लाख ७३ हजार. तुमच्या खिशातून गेले आधीचे १२.९० लाख आणि हप्त्याचे १५ लाख. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला दोन हजार धरला तर आणखी ९६ हजार. ठेवीवरचं जे व्याज बुडालं ते ३.३५ लाख. आता फायद्याची बाजू: पोराचं महिन्याचं सात हजारांचं भाडं वाचलं, म्हणजे ३.३६ लाख. दोन मित्र ठेवले आणि दोघांनी सात-सात हजार चारही वर्षं एकही महिना न चुकवता दिले, तर ६.७२ लाख.

हे सगळं मांडल्यावर निव्वळ बरोबरी व्हायला तो फ्लॅट साधारण ५५ लाखांना विकला गेला पाहिजे. म्हणजे दरवर्षी ५ टक्क्यांच्या थोडं वर वाढ. अशक्य नाही. मित्र न ठेवता पोरगं एकटंच राहिलं, तर बरोबरीसाठी भाव ६१-६२ लाखांवर जायला हवा, म्हणजे वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त. आणि दर महिन्याच्या हप्त्यात जे पैसे अडकले त्यावरचं व्याज, विकतानाची दलाली, हे मी धरलेलंच नाही.

म्हणजे पाहुणा पूर्ण खोटं बोलत नव्हता. फक्त त्याचं गणित ज्या दोन मित्रांवर उभं आहे, ते मे महिन्यात गावाला जातात, तिसऱ्या वर्षी भांडतात आणि चौथ्या वर्षी इंटर्नशिपला बंगळुरूला निघून जातात. शिवाय बाहेरचं कुणी ठेवायचं तर महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो. "बॅचलर चालणार नाहीत" म्हणणाऱ्या सोसायट्या पुण्यात किती आहेत हे खोली शोधलेल्या कुणालाही विचारा. मालकाचं पोरगं राहतंय म्हटल्यावर त्याच्या मित्रांचं चालवून घेतात असं नाही.

ताबा कधी?

हा मुद्दा दोन ओळींचा आहे, पण सगळ्यात जास्त विसरला जातो. स्वस्तात मिळणारा फ्लॅट बहुतेक वेळा बांधकामाधीन असतो. महारेराच्या साईटवर प्रकल्पाचा नंबर टाकला की पूर्ण होण्याची तारीख दिसते, ती आणि पोराच्या शेवटच्या सेमिस्टरची तारीख शेजारी शेजारी लिहा. पदवी आधी हातात येणार असेल, तर चार वर्षं कॉटचं भाडंही भरायचं आणि बँकेला व्याजही. आणि हो, नोंदणीकृत करार करण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागू शकत नाही, रेरा कायद्यातच तसं आहे. "आज बुकिंग केलं तर रेट देतो" म्हणून २०-२५ टक्के मागणारा दिसला की चहा पिऊन उठायचं.

करबचतीचं गाजर

एजंटचं पुढचं वाक्य असतं, "टॅक्स वाचतो." कुणाचा? पोराला उत्पन्न नाही, त्याला कर नाही. बापाचं उत्पन्न शेतीचं, त्यालाही कर नाही. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा? बाप नोकरदार असला आणि त्यानं नवी करप्रणाली घेतली असेल, तर स्वतः राहण्याच्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही. हे वाक्य ऐकलं की मान हलवायची आणि पुढं जायचं.

नाव कुणाचं लावायचं?

घरातली खरी चर्चा इथं होते, आणि ती दबक्या आवाजात होते.

महाराष्ट्रात घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ४५ लाखांवर सरळ ४५ हजार वाचतात. शिकायला मुलगी निघाली असेल तर तिच्या नावावर, तिच्या आणि आईच्या नावावर, किंवा मुलगा निघाला असेल तरी आईच्या नावावर, सवलत मिळते. सोबत एका पुरुषाचं नाव आलं की गेली. तरीही "पोराचं नाव पाहिजे" या हट्टापायी ४५ हजार सोडणारी घरं आहेत.

पोराच्या नावावर आत्ताच करायची गरज आहे का, हाही प्रश्न. आईबापांनी आपल्या नावावर घेऊन नंतर मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्र करून दिलं, तर राहत्या घरासाठी मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्यावर शहरातले स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च येतो. कर्ज चालू असेल तर बँकेची परवानगी लागेल. पण आज घाई नाही, एवढं नक्की.

आणि घाई न करण्याला एक कारणही आहे. सरकारी योजनांचा फायदा 'पहिल्या घराला' मिळतो आणि पहिलं घर आयुष्यात एकदाच होतं. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये ३५ लाखांपर्यंतच्या घराला, २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत हवं. पण अट अशी की कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको, आणि कुटुंबात अविवाहित मुलंमुली धरलेली आहेत. केमला बापाचं स्लॅबचं घर असेल तर आज पोराला यातलं काही मिळत नाही. उद्या त्याचं लग्न होईल, वेगळं कुटुंब होईल, तेव्हा अशाच एखाद्या योजनेत बसण्याची त्याला संधी असेल. ती १९ व्या वर्षी नाव लावून घालवायची का, हे ठरवा.

पण पैसे आणायचे कुठून?

आता मी जिथं यायचं टाळत होतो तिथं येतो. १२ लाख ९० हजार रुपये केममधल्या किती घरांत रोख पडलेत? सोनं मोडलं जातं, आणि ते पुरलं नाही की नजर सातबाऱ्याकडं जाते.

ग्रामीण भागातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर प्राप्तिकर लागत नाही, त्यामुळे एजंटला हा मार्ग फार आवडतो. पण काही गोष्टी तो सांगत नाही.

एक तर जमीन हवी तेवढी तुकड्यानं विकता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा आहे. जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे यापेक्षा लहान तुकड्याचा शेतीसाठी व्यवहार अडतो. म्हणजे गरज असेल त्यापेक्षा जास्त विकावं लागू शकतं. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा सातबाऱ्यावर असेल तर आधी तो फेडायचा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, कलम ६३. शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारा. थोडीफार जमीन राखून बाकीची विकली तर प्रश्न नाही. पण दोन-अडीच एकरांचं खातं असेल आणि सगळंच गेलं, तर पुढं पोरगं पुण्यात कितीही कमवो, त्याला केमला परत येऊन शेत घ्यायला कायद्याची भिंत आडवी येईल. फ्लॅट विकून पुन्हा फ्लॅट घेता येतो. शेत विकून पुन्हा शेत घेता येईलच असं नाही. पुण्यात फार्महाऊससाठी शेतकरी दाखला शोधत फिरणारे लोक मी पाहिलेत. त्यातल्या काहींच्या आजोबांना जमीन होती.

आणि मग बहीण.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात तशी दुरुस्ती केली, केंद्रानं २००५ मध्ये, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची अट नाही, असं स्पष्ट केलं. त्यामुळे अशी जमीन विकताना घेणारा शहाणा असेल तर बहिणीची सही मागतो. ती सही कशी मिळते ते आपल्याला माहीत आहे. "भावाचं शिक्षण आहे, अडवू नको." ती देते. बहुतेक वेळा हसत देते.

मग जमीन जाते, पुण्यात फ्लॅट येतो आणि इंडेक्स टूवर नाव एकट्या भावाचं. जमिनीत तिचा भावाएवढाच वाटा होता, फ्लॅटमध्ये तिचं काहीच नाही. चार भिंतींत कुणी हिशेब केला नाही म्हणून तो हिशेब संपत नाही. दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी दिवाणी कोर्टात तो पुन्हा उघडतो आणि तोवर रक्षाबंधन बंद पडलेलं असतं. याच्यावर उपाय एका कागदाचा आहे. फ्लॅटच्या करारात दोघांची नावं, किंवा आईचं एकटीचं नाव. तिचं नाव असेल तर वर सांगितलेली १ टक्का सवलतही मिळते.

बहीणही शिकतेय असं असेल, तर अजून एक बघा. शैक्षणिक कर्जाला आईबाप सहकर्जदार लागतात. गृहकर्जाच्या हप्त्यानं बापाची ताकद आधीच खाल्ली असेल तर दोन वर्षांनी धाकटीच्या अॅडमिशनला बँक हात वर करू शकते.

मग कुणीच घेऊ नये का?

तसं मी म्हणत नाही. घरात पगार आहे, दोन पोरं एकामागं एक पुण्यात शिकणार आहेत, शिक्षण झाल्यावर तिथंच नोकरी करायची शक्यता दिसते, निवृत्तीनंतर आईबापांनाही तिकडं जायचंय आणि कर्ज किमतीच्या निम्म्याच्या आत बसतंय, अशा घरानं तयार ताब्याचा फ्लॅट घेतला तर मुक्काम चार वर्षांचा न राहता १०-१२ वर्षांचा होतो. मग वरचं सगळं गणित बदलतं. व्याजाची वर्षं मागं पडतात आणि मुद्दल उतरायला लागतं. मुलीला रात्री लायब्ररीतून परतताना आपल्या घराचं दार असणं याची किंमत मी लाखांत मांडू शकत नाही, ती ज्याची त्यानं ठरवावी.

पण हप्ता बसवण्यासाठी शेत मोडायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. पोरगं त्या शहरात टिकतं का, शाखा बदलतं का, पहिल्या सेमिस्टरनंतर घरी परत येतं का, हेच अजून कळलेलं नसतं. १८ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर "तुझ्यासाठी रान विकलं" हे वाक्य ठेवणं काय असतं, ते पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत रात्री अकरा वाजता बसलेल्या पोरांना विचारा.

अर्थात हा सगळा खटाटोप लोकांना का करावासा वाटतो, तेही बघायला पाहिजे. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ओबीसी, भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. जेवणाला ३२ हजार, निर्वाहाला ८ हजार आणि राहण्याला २० हजार. राहण्याचे महिन्याला किती झाले? १ हजार ६६७. एवढ्या पैशात पुण्यात कॉट सोडा, कॉटखालची जागा मिळते का ते शोधून सांगा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजनाही याच धर्तीची. योजना जरूर घ्या, ६० हजार थोडे नाहीत. पण शहराचं भाडं आणि सरकारी कागदावरचं भाडं यांच्यात जी दरी आहे, तिच्यातच पाहुण्याचं ते "फ्लॅटच घेऊन टाका" जन्माला येतं.

ग्रामीण भागातल्या मुलामुलींना कमी खर्चात ठेवणाऱ्या संस्था पुण्यात आहेत. १९५५ पासून चालू असलेली विद्यार्थी सहाय्यक समिती त्यातली एक. मुलाखत होते, जागा मर्यादित असतात, म्हणून निकालानंतर लगेच फॉर्म भरायचा. ऑगस्टमध्ये चौकशी करून उपयोग नाही.

आणि घरच घ्यायचं असेल तर म्हाडा बघा. सोलापूर आणि पुणे दोन्ही जिल्हे म्हाडाच्या पुणे मंडळातच येतात. अर्जदार १८ वर्षांचा हवा, अधिवास दाखला हवा. इथं घराची अट वेगळी आहे: अर्जदार, त्याची पत्नी किंवा पती आणि अज्ञान मुलं यांच्या नावावर त्या शहराच्या हद्दीत घर नको. बापाचं केमचं घर आडवं येत नाही. उत्पन्नही अर्जदार आणि जोडीदाराचंच बघतात. पुणे महानगर क्षेत्रात वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प गट. सोडत लागली तरी पैसे उभे करायचे आहेतच, आणि पाच वर्षं ते घर विकता येत नाही. म्हणून विद्यार्थी असताना नाही, पहिली नोकरी लागल्यावर अर्ज करा. अधिवास दाखला मात्र कॉलेजच्या अॅडमिशनसाठी करमाळ्याच्या तहसीलमधून काढावाच लागतो. तो झेरॉक्सच्या गठ्ठ्यात हरवू देऊ नका, इथंही तोच लागतो.